ताईचं घरचं पोस्ट

धाकट्याने त्या दिवशी एकही वाईट काम केलं नाही. सकाळी चहा झाल्यावर तो ताईच्या खुर्चीत बसला, चष्मा पुसला, शर्टाच्या बाह्या दुमडल्या, आणि दिवे लागेपर्यंत जगातल्या यच्चयावत भामट्यांना एकेक करून नम्र उत्तर लिहिलं. तुम्हाला लॉटरी लागली आहे असं कळवणाऱ्याला लिहिलं. टकलावर केस उगवून देणाऱ्याला लिहिलं. दूरदेशीची एक विधवा होती. तिचा नवरा सोन्याने भरलेली पेटी मागे ठेवून वारला होता आणि ती पेटी आता कुणाच्या हवाली करावी या विवंचनेत ती बाई होती. तिला तर त्याने वरती सांत्वनाची एक जादा ओळ घातली. बाकी मजकूर सगळ्यांना तोच: "आपले पत्र मिळाले, आभारी आहोत. आपल्या प्रस्तावाचा काळजीपूर्वक विचार केला. तथापि सध्या आम्हांस त्यात स्वारस्य नाही. कळावे." तीनशेच्या वर पत्रं झाली. पाठ धरली, बोटं आखडली, पण 'अडगळ' नावाचा फोल्डर धुतल्या ताटासारखा लख्ख झाला.

"ताई," तो शेजारच्या खोलीत जाऊन म्हणाला, "तुझं तुंबलेलं सगळं टपाल निकालात काढलं बघ."

ताई काळा चष्मा लावून आरामखुर्चीत बसली होती. मोतीबिंदू काढून दोनच दिवस झाले होते. "शहाणा तो माझा भाऊ," ती म्हणाली. त्या आठवड्यात धाकट्याचं कौतुक झालं ते एवढंच.

धाकटा म्हणजे काही कॉलेजातलं पोर नव्हे. साठी उलटलेला, गुडघ्यांबद्दल सविस्तर बोलणारा माणूस. पण मोठी बहीण हयात असली की धाकटा हा मरेपर्यंत धाकटाच राहतो, त्याला इलाज नाही. त्याची सगळी नोकरी एका मोठ्या कार्यालयाच्या आवक-जावक विभागात झाली. आलेल्या पत्राची पोच गेलीच पाहिजे, हा त्याचा धर्म. कार्यालयाला कुणी शिवीगाळीचं पत्र लिहिलं, तर त्यालाही 'आपल्या भावना संबंधित विभागाकडे पाठवण्यात आल्या आहेत' असं उत्तर जायचं. लोक त्याला पोचसाहेब म्हणत, आणि त्याला ते कौतुक वाटे. ताईचं म्हणणं जरा वेगळं होतं. "दुनियेला पोच देतोस," ती म्हणायची, "आणि स्वतःला काडीची पोच नाही."

अशा माणसाच्या हातात ताईने आपलं पोस्ट दिलं, ही मात्र ताईची चूक. ती तिने अजून मान्य केलेली नाही. आता हे पोस्ट म्हणजे काय प्रकरण, ते सांगायला हवं, आणि त्यासाठी ताई सांगायला हवी.

ताई उमेदीच्या काळात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा भलामोठा फळा, दोन्ही हातांत वायरी. नुसत्या 'हॅलो'वरून ती माणूस ओळखायची. डॉक्टरीणबाईंचा श्वास ऐकला की नंबर सांगायच्या आत त्यांच्या माहेरची लाइन जोडून मोकळी. कोण कुणाशी किती वेळ बोलतं, कोण कुणाशी बोलायचं बंद झालंय, हे सगळं तिला ठाऊक, आणि त्यातलं एक अक्षर तिने कधी घरात सांगितलं नाही. भावोजींनी लग्नानंतर वर्षभर खोदून पाहिलं, मग नाद सोडला. पुढे एक्स्चेंज आपोआप चालायला लागलं, फळा गेला, वायरी गेल्या. बाकीच्या ऑपरेटर बायका रडल्या. ताई दुसऱ्या दिवशी संगणकाच्या खोलीत जाऊन उभी राहिली आणि तिथल्या साहेबाला म्हणाली, "हे लाइन कशी जोडतं तेवढं दाखवा, पुढचं मी बघते." आणि खरंच बघितलं.

निवृत्त झाल्यावर ती भावोजींच्या दुकानाचा पत्रव्यवहार सांभाळू लागली. भावोजींचं दुकान खाली, घर वर. जुनी कुलपं दुरुस्त करणं आणि हरवलेल्या किल्ल्या घडवणं हा त्यांचा धंदा. लांबलांबचे लोक कुलपाचे फोटो पाठवतात, भावोजी भिंग लावून बघतात आणि "जमेल" किंवा "कुणी हात लावलाय याला? गाढवाने?" असं उत्तर सांगतात. ताई ते सभ्य भाषेत लिहिते. हे सगळं एका बड्या कंपनीच्या फुकट मेलवर सुरळीत चालू होतं. एके दिवशी त्या कंपनीने भावोजींचं खातंच बंद केलं. कुलपं फोडण्याबद्दल फार लिहितात, असा काहीतरी संशय. ताईने फोन लावला. यंत्र बोललं. त्या यंत्राने दुसऱ्या यंत्राकडे दिलं. दुसऱ्याने थोडं संगीत ऐकवून परत पहिल्याकडे दिलं. ताईने रिसीव्हर असा ठेवला, की भावोजी खालून वर आले.

"जिथे ऑपरेटर नाही," ती म्हणाली, "तिथे माझं टपाल राहणार नाही."

महिनाभरात जिन्याखालचं चपलांचं कपाट रिकामं झालं आणि तिथे ताईचा सर्व्हर घुरघुरू लागला. चपला तेव्हापासून जिन्यावर आहेत. दुकानाचं, घराचं, नात्यातल्या सगळ्यांचं टपाल त्या कपाटात येतं आणि ताई ते ज्याचं त्याला देते. सुरुवातीला भावोजींनी शंका काढली होती, "अगं, पण चोरचिलटं येतील त्यातून. लुच्चे लोक काय काय पाठवतात!"

"तुम्ही दाराला कुलूप लावता," ताई म्हणाली, "मी माणूस बसवलाय."

तो माणूस म्हणजे एक प्रोग्रॅम. अनोळखी पत्र आलं की तो त्याला उभं करतो, आपादमस्तक न्याहाळतो आणि जरा जरी खोट दिसली तरी अडगळीत ढकलतो. ओळखीच्याला मात्र काही विचारत नाही. सरळ आत, आणि वर 'टिंग' अशी घंटा, म्हणजे ताई स्वयंपाकघरात असली तरी तिला कळावं. आता ओळखीचा कोण, हे ठरवायचं कसं? लोक यासाठी याद्या करत बसतात. ताईचा नियम एका ओळीचा आहे: आपण ज्याला लिहिलं, तो ओळखीचा. ताईच्या घरून एखाद्या पत्त्यावर पत्र गेलं, की तो पत्ता आपोआप ओळखीच्यांत जमा. सांगायला नको, टिपायला नको.

"हा कसला नियम?" भावोजी म्हणाले होते. "मी वीज कंपनीला शिव्या लिहितो. ते काय माझे ओळखीचे?"

"परक्या माणसाला कुणी एवढ्या मनापासून शिव्या देतं का?" ताई म्हणाली. भावोजी भिंग घेऊन खाली गेले.

इतकी वर्षं तो नियम एकदाही चुकला नव्हता. मग मोतीबिंदू आला. डॉक्टरांनी आठवडाभर संगणकाच्या पडद्याकडे बघायचं नाही म्हणून दम भरला. भावोजींना कळफलकावर अक्षर सापडत नाही. तेव्हा धाकट्याला बोलावणं गेलं. ताईने आरामखुर्चीतून हुकूम दिला: "दुकानाच्या गिऱ्हाइकांना उत्तरं दे. बाकीचं नुसतं बघून घे."

'बघून घे' या शब्दांचा अर्थ ताईच्या लेखी 'नजर टाक आणि सोडून दे'. आवक-जावक विभागात मात्र साहेब फाइल टेबलावर टाकून 'बघून घ्या' म्हणाला की तिचा निकाल लावायचा असतो. धाकट्याने निकाल लावला.

या सगळ्यात एक पत्र यायचं होतं, आणि त्याची वाट घरातले सगळेच बघत होते.

धाकट्याची मुलगी लहानपणापासून शाळा सुटली की आत्याच्या घरी यायची आणि खाली दुकानात आतोबांच्या, म्हणजे भावोजींच्या, शेजारी बसून किल्ल्या घासायची. हातात सदानकदा कानस, आणि जिभेला तशीच धार. आतोबांनीच तिचं नाव 'कानस' ठेवलं. खरं नाव आता फक्त शाळेच्या दाखल्यावर उरलंय. या कानसला किल्ल्यांच्या पुढे जायचं होतं. कृत्रिम हातपाय बनवणारी एक नावाजलेली कार्यशाळा होती. बसवलेलं बोट वाकतं, गुडघा दुमडतो, ते सांधे तिथे हाताने घडवतात. दर वर्षी मोजकीच मुलं शिकायला घेतात. कानसने अर्ज केला, मुलाखत दिली, आणि तिथून आल्यापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं. दोन वर्षं तिने दुसरीकडे कुठे अर्जच केला नव्हता. अर्जावर ती बड्या कंपनीच्या मेलचा पत्ता घालणार होती, तेव्हा ताईने तिला अडवलं होतं.

"घरचं पोस्ट असताना परक्याच्या दारात पत्र मागवतेस?"

"आत्या, हरवलं बिरवलं तर?"

"माझ्या हातून आजवर एक कॉल हरवला नाही. घाल आपला पत्ता."

कानसने घातला. आता ती रोज वर येऊन विचारायची, "आत्या, आलं?" आणि ताई म्हणायची, "आलं की घंटा वाजेल."

धाकट्याने अडगळ निकालात काढली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घंटा वाजली.

टिंग.

"बघ रे, कुणाचं आहे," ताई आरामखुर्चीतून म्हणाली.

टिंग. टिंग.

"दुकानाला बरे दिवस आले म्हणायचे."

टिंग टिंग टिंग टिंग. पुढे पुढे दोन घंटांमध्ये फटच राहिना. रस्त्यावरून आइस्क्रीमची गाडी चालल्यासारखं घर वाजू लागलं. भावोजी हातात अर्धवट उघडलेलं कुलूप घेऊन वर आले, कानस त्यांच्या मागून आली.

"काय लग्न लागलंय का घरात?" भावोजी म्हणाले.

धाकटा पडद्यासमोर बसला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर, खरं सांगायचं तर, थोडा आनंदच होता. "लोकांनी उत्तरं दिली आहेत," तो म्हणाला. "बघा, त्या विधवेने मला 'विश्वासू बंधो' म्हटलंय. टकलाच्या माणसाने फोटो मागवलाय. आणि त्या विधवेच्या ओळखीच्या आणखी..."

"कुठल्या विधवेने?" ताईचा आवाज एकदम खाली आला. एक्स्चेंजमध्ये लाइनवर गडबड झाली की तिचा आवाज असाच खाली यायचा.

धाकट्याने सांगितलं. अगदी अभिमानाने, मजकुरासकट सांगितलं.

घंटा वाजतच होती. मग ताई म्हणाली, "तू अडगळीतल्या प्रत्येकाला लिहिलंस?"

"एकही सोडला नाही."

"म्हणजे आजपासून दुनियेतला एकूण एक चोर माझ्या ओळखीचा झाला."

भावोजींना हसू आवरेना. "वीज कंपनी तेवढी आपली होती," ते म्हणाले, "आता चांगला गोतावळा जमला."

"बाबा," कानस म्हणाली, "या गर्दीत माझं पत्र आलं तर दिसणार कसं?"

तिचा आवाज कापत नव्हता, पण हातातली कानस तिने खाली ठेवली होती. ते बघून भावोजींचं हसू थांबलं.

धाकट्याने घाबऱ्याघाबऱ्या उपाय सुचवला, "ताई, ओळखीच्यांची सगळी यादीच पुसून टाकू. पाटी कोरी."

"आणि माझी माणसं? आठ वर्षं किल्ल्या मागवणारी म्हातारी, परदेशातली चुलतबहीण, ते सगळे परत दारात उभे करू? या चोरांबरोबर?" ताईने काळा चष्मा नीट केला. "काही नाही. उतरवायचं ते एकेक उतरवू. तुझा मजकूर सगळ्यांना एकच आहे ना? जावकमध्ये तो मजकूर शोध. ज्याला ज्याला तो गेला, त्याचा पत्ता ओळखीतून काढायचा."

"एका दणक्यात निघतील सगळे," कानस म्हणाली. "आत्या, मी करते. पाच मिनिटांचं काम."

"अजिबात नाही."

"का?"

"आवाज ऐकल्याशिवाय मी आजवर कुणाची लाइन तोडलेली नाही. हा बसेल आणि प्रत्येक उत्तराखालचं मूळ पत्र मोठ्याने वाचेल. मी म्हणेन 'तोड', मग तू तोड."

"तीनशे पत्रं?" धाकट्याने गुडघ्यावर हात ठेवला.

"लिहिताना नाही दुखलं ते?"

आणि मग ते वाचन सुरू झालं. धाकट्याचा आवाज कार्यालयीन. त्या आवाजात तो वाचू लागला, "'प्रिय मित्रा, आपण आता दहा कोटींचे मालक आहात.'"

"तोड."

"'केवळ सात दिवसांत पोट सपाट.'"

"तोड."

"थांबा जरा," भावोजी म्हणाले. "सात दिवस म्हणताहेत..."

"तोड!"

"'मी एक सैन्याधिकारी असून मला प्रामाणिक जीवनसाथीची...'"

"धाकट्या, यालाही स्वारस्य नाही म्हणून लिहिलंस?"

"म्हणजे... नाहीच आहे ना."

कानसला हसू फुटलं. एकेक पत्ता उतरत होता तसतशी घंटा विरळ होत चालली. धाकट्याची लय लागली. आता तो पत्र पुरतं न वाचता पहिली ओळ भराभर म्हणत सुटला. "'अभिनंदन, आपले बक्षीस तयार आहे.'" तोड. "'अभिनंदन, आपण भाग्यवान ठरलात.'" तोड. "'अभिनंदन, आपली निवड झाली असून तीन दिवसांच्या आत होकार...'"

"थांब."

"अगं, अभिनंदनवालाच आहे. असे चाळीस तरी..."

"थांब म्हटलं ना. यात आधीसारखा लाडीगोडीचा सूर नाही. कुणीतरी शुद्धीवर असताना लिहिलंय. पुढे वाच."

धाकट्याने पुढे वाचलं. वाचता वाचता त्याचा कार्यालयीन आवाज हळूहळू बसत गेला. "'...होकार कळवावा, अन्यथा जागा प्रतीक्षा यादीतील पुढील उमेदवारास देण्यात येईल. कृत्रिम अवयव कार्यशाळा, प्रशिक्षण विभाग.'"

पत्र चार दिवसांपूर्वी आलं होतं. ताईच्या दारावरच्या माणसाने 'अभिनंदन', 'निवड', 'तीन दिवस' एवढं ऐकलं आणि लॉटरीवाला समजून त्याला अडगळीत ढकललं. आणि धाकट्याने त्याला उत्तर दिलं होतं. आपल्या प्रस्तावाचा काळजीपूर्वक विचार केला. तथापि सध्या आम्हांस त्यात स्वारस्य नाही.

"बाबा," कानस म्हणाली. "तुम्ही माझी जागा नाकारलीत?"

धाकट्याने ते पत्र पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचायला घेतलं. कार्यालयात एवढी वर्षं काढून त्याच्या हातून एक पत्र चुकीच्या टेबलावर गेलं नव्हतं.

"मी तेव्हाच म्हणत होते," कानस ताईकडे वळली, "दुसरा पत्ता घालते. तू म्हणालीस, घंटा वाजेल!"

"नियम बरोबर आहे," ताई शांतपणे म्हणाली. "अर्ज तू त्यांच्या वेबसाइटवर भरलास. या घरून त्यांना एक ओळ गेली असती, तर ते पहिल्या दिवसापासून ओळखीचे असते. ते मी तुला सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. भांडायचं ते नंतर. धाकट्या, मान वर कर. ते आता ओळखीचे आहेत. म्हणजे त्यांनी परत लिहिलं असेल तर ते सरळ आत आलं असणार, या सगळ्या गर्दीत. कानस, शोध."

कानसने शोधलं. होतं. आज सकाळचंच, टिंग करून आलेलं, विधवा आणि टकलाचा माणूस यांच्या मध्ये. कार्यशाळेच्या मुख्य बाईंनी स्वतः लिहिलं होतं: नकार मिळाला, आश्चर्य वाटलं, तो उमेदवाराने स्वतः लिहिला आहे काय? आज कार्यालय बंद होईपर्यंत खुद्द उमेदवाराकडून लेखी उत्तर न आल्यास जागा पुढे देण्यात येईल.

कानस खुर्चीत बसली आणि तिने तडक लिहिलं: 'तो नकार माझा नव्हता. तो माझ्या वडिलांचा होता. त्यांना आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर द्यायची सवय आहे. मी येतेय.' पाठवलं. क्षणात ते परत आलं. कार्यशाळेच्या सर्व्हरचं म्हणणं असं, की या पत्त्यावरून काल संशयास्पद पत्रांचा पूर आला असून इथून काहीही स्वीकारलं जाणार नाही.

"म्हणजे आता आपण भामटे," भावोजी म्हणाले.

हे मात्र ताईला लागलं. जिने आयुष्यभर कुणाला जोडायचं ते बघितलं, तिलाच कुणीतरी दारातून परत लावलं होतं. ती उठली, चाचपडत टेबलाशी गेली.

"फोन दे."

"दुसऱ्या पत्त्यावरून पाठवते ना मी," कानस म्हणाली.

"दुसऱ्या पत्त्यावरून आलेलं पत्र तुझंच कशावरून, असं त्या बाई विचारतील, आणि मी त्यांच्या जागी असते तर मीही विचारलं असतं. आधी आवाज ऐकवू. नंबर लाव."

तिकडे एका कंटाळलेल्या माणसाने फोन उचलला आणि मुख्य बाई कामात आहेत, नंतर करा, असं म्हणायला तोंड उघडलं. ताईने त्याला ते पुरं करू दिलं नाही. कितीतरी वर्षांनी तिने तो जुना आवाज लावला. सपाट, स्वच्छ, घाई नसलेला.

"मुख्य बाईंना बाहेरून कॉल आहे. लाइन धरून आहे."

यात एक अक्षरही खोटं नव्हतं. पण त्या आवाजाला नाही म्हणायची कुणाची छाती झाली नसती. त्या माणसाची तर नाहीच. मुख्य बाई लाइनवर आल्या. ताईने पाच वाक्यांत सगळं सांगितलं. भावाला त्यात कुठेही झाकलं नाही. पलीकडून हसण्याचा आवाज आला.

"ते उत्तर आम्ही सगळ्यांनी मिळून वाचलं," बाई म्हणाल्या. "इतका सभ्य नकार आम्हाला कधी कुणी दिला नव्हता. पण मला पटत नव्हतं. मुलाखतीच्या दिवशी आमच्या खोलीची कडी अडकली होती, तेव्हा तुमच्या या मुलीने केसांतल्या पिनेने ती काढली आणि वर आम्हाला कडी नीट बसवली नाही म्हणून ऐकवलं. अशी मुलगी 'तथापि' लिहील असं वाटेना. तिला द्या."

कानस फोनवर काय बोलली ते कुणाला नीट ऐकू आलं नाही, कारण ती पाठ करून उभी होती. शेवटी ती एवढंच म्हणाली, "लेखी लगेच पाठवते. तुमचा सर्व्हर आम्हाला आत घेत नाही, तेवढं कुणाला तरी सांगा."

त्यांनी सांगितलं. तिकडच्या कुणी संगणकवाल्याने ताईचा पत्ता हाताने ओळखीच्यांत घातला, आणि कानसचं उत्तर गेलं. परत आलं नाही. पण पोचल्याचंही काही कळेना. दुपार कलायला लागली. कार्यालय बंद व्हायची वेळ जवळ येत चालली, तसं कानसचं नखं खाणं सुरू झालं.

"बसून राहू नका," ताई म्हणाली. "उरलेली वाच."

धाकट्याने उरलेली वाचली. या वेळी प्रत्येक पत्र पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. एका मसाज करणाऱ्या यंत्राच्या जाहिरातीपुढे तो इतका वेळ थांबला, की ताईला विचारावं लागलं, "हेही आपल्यातलं कुणी आहे का?" भावोजी दुकान अर्धवट बंद करून जिन्याच्या पायरीवर, चपलांमध्ये येऊन बसले होते. "तोड." "तोड." "तोड." घंटा आधी मिनिटाला वाजत होती, मग अधूनमधून, आणि शेवटच्या भामट्याचा पत्ता उतरला तेव्हा घर एकदम गप्प झालं. कपाटातली घुरघुर तेवढी ऐकू येत होती.

सगळे जिन्याच्या दिशेने बघत होते. ताईला बघायची गरज नव्हती. तिने मान जराशी कलती केली, हेडफोन घातल्यासारखी.

टिंग.

कानस पडद्याजवळ पोचली तेव्हा धाकट्याने खुर्ची आधीच सोडली होती. "'आपले लेखी उत्तर मिळाले,'" ती वाचू लागली आणि पुढे तिला वाचताच येईना, तेव्हा भावोजींनी भिंग लावून पुरं केलं: "'जागा आपल्या नावे निश्चित केली आहे. सोमवारी सकाळी यावे. येताना वडिलांना आणल्यास हरकत नाही, मात्र त्यांनी आमच्या टपालाला हात लावू नये.'"

कानस आत्याच्या गळ्यात पडली, आतोबांच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि मग बापाकडे बघून क्षणभर थांबून त्याच्याही गळ्यात पडली. मग ती दुकानाचं शटर उघडायला धडधडत खाली गेली. तिच्या मागोमाग "अगं, चपला!" म्हणत भावोजी.

वर दोघंच उरली. ताई परत आरामखुर्चीत टेकली. धाकट्याने पडदा बंद केला, खुर्ची टेबलाखाली सरकवली, बाह्या खाली केल्या, बटणं लावली. त्याच्या जिवात जीव आला होता, आणि जिवात जीव आला की त्याच्यातला आवक-जावकवालाही जागा होतो. तो दोनदा खाकरला.

"ताई, तसं शांतपणे पाहिलं तर," तो म्हणाला, "मी त्यांना उत्तर लिहिलं म्हणून ते ओळखीच्यांत गेले. ओळखीच्यांत गेले म्हणून त्यांचं दुसरं पत्र सरळ आत आलं. नाहीतर तेही अडगळीतच पडलं असतं. म्हणजे एका अर्थी माझ्या उत्तरामुळेच कानसची जागा वाचली, असं म्हणायला हरकत नाही ना?"

ताईने काळा चष्मा काढला, भावाकडे बऱ्या डोळ्याने नीट बघितलं आणि म्हणाली, "हरकत आहे."